जगात कुठूनही उघडणारा डबा

धाकटीचं लग्न झालं त्याच वर्षी वायरमनचं कंपनीशी भांडण झालं. कंपनीचं ऑफिस कुठं आहे हे त्याला माहीत नव्हतं, आणि त्यामुळे राग दुप्पट झाला होता. ज्याच्या दारात जाऊन ओरडता येत नाही अशाशी भांडायची त्याला सवय नव्हती. लग्नाचे सगळे फोटो आणि व्हिडिओ त्याने इंटरनेटवर या कंपनीच्या साठवणीत ठेवले होते. मग त्याने फोन बदलला, पासवर्ड विसरला, आणि कंपनीने त्याला कळवलं की तुम्ही तुम्हीच आहात हे आधी सिद्ध करा.

"पोरगी माझी, लग्न माझ्या पोरीचं, सगळ्या फोटोंत मी," तो बायकोला म्हणाला. "आणि मी कोण हे मी यांना पटवून द्यायचं?"

"सगळ्या फोटोंत तुम्ही चांगले नाही आलात," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "निम्म्या फोटोंत तुम्ही वर वायरीच बघताय."

हे खरं होतं. हॉलच्या रोषणाईतला एक जोड त्याला ढिला वाटला होता, आणि मुलीच्या लग्नात तो दिवसभर त्या जोडाकडे बघत होता. जन्मभर वायरमनचं काम केलेला माणूस निवृत्त झाला तरी त्याची मान खाली येत नाही.

शेवटी फोटो परत मिळवून दिले ते जावयाने. जावई एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचा. मऊ बोलायचा आणि कुणाच्याही घरी गेला तरी खुर्चीच्या कडेवर बसायचा.

"बाबा, हे आपल्या घरीच ठेवता येतं," तो म्हणाला. "एक छोटा डबा असतो. आत डिस्क. घरच्या इंटरनेटला जोडायचा. मग जगात कुठूनही आपले फोटो उघडतात. मध्ये कुणी नाही."

"मध्ये कुणी नाही?"

"कुणी नाही."

वायरमनला एवढंच ऐकायचं होतं. पुढच्याच रविवारी डबा आला आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीखाली बसला. त्याच्यावर एक बारीक हिरवा दिवा होता. वायरमनने त्याच्या प्लगची पिन काढून पाहिली, घासली, परत बसवली, आणि गल्लीत जो भेटेल त्याला सांगत सुटला, की आता माझं कपाट माझ्या घरात आहे आणि ते जगात कुठूनही उघडतं.

त्या घराचा एक नियम होता. घरातून शेवटी जो बाहेर पडेल त्याने मेन स्विच बंद करायचा, आणि मगच कुलूप लावायचं. नोकरीत असताना वायरमनने एक जळालेलं घर पाहिलं होतं. घरात माणूस नव्हतं, चालू राहिलेल्या इस्त्रीने घर खाल्लं होतं. तेव्हापासून बंद घरात वीज नाही. फ्रीजमधलं दूध दोन-चार तासांत नासत नाही, आणि नासलं तरी घर जळण्यापेक्षा बरं, असं तो म्हणायचा. बायकोचा हात किल्लीच्या आधी मेनकडे जायचा. मुली त्यातच वाढल्या. आता त्याबद्दल कुणी बोलतही नसे, जसं झोपताना डोळे मिटायचे हे कुणी कुणाला सांगत नाही. गल्लीत वायरमनला मागून 'मेन' म्हणायचे ते उगाच नव्हे.

डब्याची खरी गरज मोठ्या मावशीला होती. मोठी मावशी म्हणजे बायकोची थोरली बहीण. जन्मभर शिवणकाम केलं. धाकटीचा लग्नाचा पोशाख तिनेच शिवला, शेवटचा टाका घातला, आणि लग्नाच्या तोंडावर जिन्यावरून पडून खुब्याचं हाड मोडून घेतलं. लग्न झालं तेव्हा ती नर्सिंग होममध्ये पडून होती, आणि अजूनही तिथेच होती. फोटो तिने पाहिले होते. ते तिला नको होते.

"फोटोत बाई उभी असते," ती म्हणायची. "उभ्या बाईला काहीही शोभतं. मला पोरगी चालताना बघायचीय. खांद्याला झोळ पडतो का ते चालल्याशिवाय कळत नाही."

डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हाडाचं होईल, पण हृदयाचा भरवसा नाही. काही दाखवायचं असेल तर लांबणीवर टाकू नका.

म्हणून रविवारी सगळे निघाले. वायरमन, बायको, धाकटी, जावई. जावई पाहुण्यासारखा चपला घालून आधीच गेटपाशी जाऊन उभा राहिला. वायरमन शेवटी निघाला.

नर्सिंग होममध्ये जावयाने टॅब्लेट मावशीसमोर धरला. पडद्यावर एक गोल फिरत राहिला, आणि मग लिहून आलं की जोडणी होत नाही.

"परवा आमच्या घरून उघडलं होतं," जावई म्हणाला.

"परवा उघडलं होतं म्हणे," वायरमन बायकोला म्हणाला. जावयाला थेट काही बोलायचं नाही असा त्याचा कटाक्ष होता, त्यामुळे जावयावरचा सगळा राग बायकोला ऐकावा लागे. "लोक म्हणतात जगात कुठूनही. हे नर्सिंग होम जगात येत नाही वाटतं."

"भिंती जाड असतील," जावई म्हणाला.

सगळ्यांनी टॅब्लेट घेऊन अंगणात चक्कर मारली. अंगणातही उघडेना. मोठी मावशी खाटेवरून खिडकीतून बघत होती. परत आल्यावर ती म्हणाली, "मला वाटलं वरात निघाली."

घरी आल्यावर वायरमनने मेन चालू केला, आणि चपला काढायच्या आधीच फोनवर व्हिडिओ लावून पाहिला. व्हिडिओ लगेच लागला. धाकटी हसत हसत चालत आली. वायरमनला तिला बघून इतका राग कधीच आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने इंटरनेटवाल्याला बोलावलं. इंटरनेटवाला आला, डबा पाहिला, वायर पाहिली, चहा प्याला.

"काका, सगळं हिरवं आहे."

"मी घरी असतो तेव्हा सगळं हिरवंच असतं. मी बाहेर गेलो की तुमची कंपनी झोपते."

"तसं नसतं काका. तुमच्याकडे वीज जाते का मधूनमधून? डबा सारखा अचानक बंद पडल्याचं दाखवतोय."

वायरमन उभा राहिला. "वीज? माझ्या घरात? या घरातला एकेक जोड मी हाताने पिळलाय. तुमच्या जन्माच्या आधीपासून या घरात कधी फ्यूज उडालेला नाही. वायरमनच्या घरी वीज जाते म्हणता?"

इंटरनेटवाल्याने कप खाली ठेवला आणि इंटरनेटचा नवीन बॉक्स बसवून देतो म्हणाला. बसवलाही. पुढच्या रविवारी सगळे परत नर्सिंग होममध्ये गेले आणि परत गोल फिरला.

"बाबा, मी एका पेन ड्राईव्हमध्ये भरून आणतो," जावई हळूच म्हणाला. "दहा मिनिटांचं काम आहे."

"खिशात घालून आणायचं होतं तर डबा कशाला आणला," वायरमन बायकोला म्हणाला. "आपण काय कंपनीसमोर हरायचं?"

"अहो, कंपनीला माहीतही नाही तुम्ही भांडताय ते," बायको म्हणाली. "ताईचं बघा जरा."

"अक्कांचंच बघतोय. अक्कांना डब्यातूनच दाखवीन. नाहीतर डबा फोडीन."

आवाज इतका चढला की नर्स दारात आली आणि म्हणाली, इथे आजारी माणसं आहेत. वायरमन तिला म्हणाला, मला दिसतंय ते. नर्स म्हणाली, मग ऐकूही येत असेल. तेव्हा तो खाली बसला, पण रागाने त्याचे गुडघे हलत राहिले.

मोठी मावशी इतका वेळ छताकडे बघत होती. तिने मान वळवली.

"वायरमन, घरी कोण आहे आत्ता?"

"कुणी नाही. सगळे इथंच आलोय ना, अक्का."

"गेल्या रविवारी?"

"तेव्हाही कुणी नव्हतं."

"आज शेवटी कोण निघालं?"

"मीच. मीच असतो शेवटी."

"मेन बंद केलात?"

"हा काय प्रश्न झाला, अक्का. मेन बंद केल्याशिवाय मी कधी घराबाहेर…"

तो थांबला. बायकोने पदराचं टोक हातात घेतलं आणि ते बारकाईने बघायला सुरुवात केली. धाकटी जमिनीकडे बघत होती.

"मेन म्हणजे," जावयाने विचारलं, "घरातली सगळी वीज?"

धाकटीने खालमानेनेच होकार दिला.

"बाबा," जावई फार सांभाळून म्हणाला, "तो डबा विजेवर चालतो."

अमुक वस्तू विजेवर चालते, असं वायरमनला कुणीतरी समजावून सांगायची ही आयुष्यातली पहिलीच वेळ होती. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"मला कुणी सांगितलं होतं का?" तो म्हणाला. त्याने सगळ्यांकडे बघितलं, अगदी नर्सकडेही. "एवढं मोठं शिक्षण घेतलेली माणसं. बोलायला काय झालं होतं?"

"आता काय करायचं ते बोला," बायको म्हणाली. "पुढच्या वेळी मेन चालू ठेवून येऊ."

"बंद घरात? वीज चालू? आणि आग लागली तर फोटो जगात कुठूनही उघडतील का?"

"मग मी पुढच्या रविवारपर्यंत थांबू?" मोठी मावशी म्हणाली. "डॉक्टर मला तसं काही बोलले नाहीत."

हे ती सहज म्हणाली, भाजीवाल्याला भाव विचारावा तशी. वायरमनने किल्ली काढली.

"बसा सगळे," तो म्हणाला. "कुणी हलायचं नाही. मी जाऊन चालू करतो."

बस मिळाली, पण प्रत्येक सिग्नलला थांबली, आणि प्रत्येक सिग्नलला वायरमन मनातल्या मनात कंपनीला, इंटरनेटवाल्याला आणि सिग्नलला शिव्या देत होता. स्वतःला द्यायच्या त्याच्या मनात नव्हत्या, पण घराच्या वळणावर त्याही दिल्या. कुलूप उघडून त्याने मेन वर केला, डब्यासमोर फरशीवर बसला आणि दिवा हिरवा व्हायची वाट बघत राहिला. मग फोन लावला.

"लागलं का?"

"लागलं, बाबा," धाकटी म्हणाली. "मावशी बघतेय. फोन चालूच ठेवा."

फोनमधून लग्नातला गोंधळ ऐकू येत होता. डब्याचा दिवा लुकलुकत होता. म्हणजे तिकडे धाकटी चालत होती.

"थांबव," मावशीचा आवाज आला. "मागे ने. परत चालव. हं. बघितलंस? डाव्या खांद्याला झोळ आहे."

"नाही गं मावशी, कुठे आहे?"

"आहे. मला दिसतोय. एक टाका आत घ्यायला हवा होता." मग, "छान चालतेस पण. आणि हा कोण मागे आढ्याकडे तोंड करून उभा आहे?"

"बाबा. रोषणाई बघतायत."

मोठी मावशी हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला आणि खोकताना ती परत हसली.

"तो जोड ढिला होता," वायरमन फोनमध्ये ओरडला. कुणी ऐकलं नाही.

त्यानंतर हेच चालू झालं. बाकीचे रविवारी मावशीकडे जायचे आणि वायरमन घरी पहाऱ्याला बसायचा, कारण बंद घरात वीज ठेवायला तो काही केल्या तयार नव्हता. मावशी दर वेळी व्हिडिओ बघायची, दर वेळी झोळ दाखवायची, आणि निघताना निरोप द्यायची, "वायरमनला म्हणावं, आज दिवा चांगला लागला होता." तिच्याकडे पुन्हा जायचं त्याचं राहूनच गेलं. बायको म्हणायची, एखाद्या रविवारी मी घरी थांबते, तुम्ही जा. तो म्हणायचा, पुढच्या वेळी.

मग एका मंगळवारी सकाळी नर्सिंग होममधून फोन आला. बायको आहे त्या साडीत निघाली. धाकटी आणि जावई तिकडून निघाले. वायरमन शेवटी बाहेर पडला आणि त्याने कुलूप लावलं.

संध्याकाळी ते परत आले तेव्हा बाहेरच्या खोलीत दिवा जळत होता. पंखा फिरत होता. टीव्हीखाली डबा हिरवा होता. बायकोने मेनकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. जावई यावेळी गेटपाशी नव्हता, सगळ्यांच्या मागे आत आला होता. त्यानेही पाहिलं. वायरमन खुर्चीत बसला आणि पायातल्या चपला काढायच्या विसरला.

मोठी मावशी धाकटीच्या लग्नाच्या वर्षातच, थंडी पडायला लागली तेव्हा, त्या मंगळवारी सकाळी वारली.