कुसुंबाची पदासह बदली

आमच्या नगरपरिषदेने वृक्षोद्यानातली वाट चाकांच्या खुर्चीसाठी रुंद करायची ठरवली, तेव्हा वाटेपासून लांब उभ्या असलेल्या एकशे चौदा झाडाझुडपांना रीतसर बदलीचे आदेश काढावे लागले, आणि त्यांतले एकशे तेरा जण मुदतीत नव्या जागी रुजू झाले. राहिला तो एकटा कुसुंब. त्याला कारण मीच, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी शोधत बसायला नको.

मी मुजावर, उद्यान विभागातला वरिष्ठ लिपिक. उद्यानाची कल्पना तेरदाळकर बाईंची. बाईंनी गावच्या हायस्कुलात एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि मीही त्यांच्या हाताखालून गेलो. चार वर्षांपूर्वी मणक्याच्या दुखण्याने त्यांना खुर्चीत बसवलं. बसवलं तरी बाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी नगरपरिषदेला अर्ज केला की झाडाची पाटी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर हवी आणि खोड त्याच्या हाताच्या टप्प्यात हवं. वाट प्रत्येक झाडापर्यंत न्यायची तर निम्म्यांची मुळं तुटली असती. म्हणून मुख्याधिकारी वाघमोडे मॅडमनी शेरा मारला, ‘झाडांनीच वाटेशी यावे.’

आमची झाडं शिस्तीची निघाली. शिवण मुदतीच्या आदल्या दिवशीच आली आणि जागा स्वच्छ नाही म्हणून तिने माळी हैबती शेलार याला चार शब्द सुनावले. मुरुडशेंग, धायटी, निर्गुडी ही झुडपं एका रांगेत आली. दोन पांगाऱ्यांनी तेवढा पती-पत्नी एकत्रीकरणाचा अर्ज केला. त्यावर बाईंचा अभिप्राय मागवला, तर त्यांनी लिहून दिलं की पांगाऱ्याच्या एकाच फुलात सगळं असतं, तिथे नवरा-बायको हा प्रश्न उद्भवत नाही. मॅडमनी तरीही दोघांना शेजारी जागा दिली. चाळीस वर्षांचा शेजार आहे, म्हणाल्या.

पाट्या बाईंनी स्वतः लिहिल्या. प्रत्येक पाटी पावणेतीन फूट उंचीवर, जराशी मागे कललेली. एकेका पाटीसमोर खुर्ची नेऊन त्या वाचून बघत आणि उन्हाने अक्षर चमकलं की हैबतीला पाटी पुन्हा उपटायला लावत.

आता माझी चूक. आदेशाचा नमुना मी एका जुन्या फायलीतून उचलला होता. शेवटच्या पानावर त्यातला एक शब्द तसाच राहिला, ‘पदासह’. पदासह बदली म्हणजे माणूस एकटा जात नाही, त्याची जागाही त्याच्याबरोबर जाते. त्या पानावर एकच नाव होतं, कुसुंबाचं, आणि कुसुंबाची जागा म्हणजे बावीस फूट उंचीची टेकडी.

मुदत संपून पंधरा दिवस झाले तरी कुसुंब हलेना, म्हणून सुनावणी लावली. नियमाप्रमाणे ती जागेवर घ्यायची होती. मॅडम आणि मी वर गेलो. बाई अर्जदार असूनही खालीच राहिल्या, कारण टेकडीची चढण उभी आणि पायवाट खडकांतून जाणारी. वरचं बोलणं खाली नेण्याचं काम हैबतीकडे आलं.

“आदेश मिळाला का?” मॅडमनी विचारलं.

“मिळाला,” कुसुंब म्हणाला. “मी तयार आहे. पण आदेशात पदासह लिहिलंय. टेकडीला सोडून आलो तर तो आदेशाचा भंग होईल.”

“मग टेकडीला घेऊन या.”

“मी तिला तीन आठवडे समजावतोय. ती म्हणते, मी महसूल खात्याची, नगरपरिषदेचं मी का ऐकू?”

यात तथ्य होतं. टेकडी सात-बाऱ्यावर सरकारी पड म्हणून लागलेली होती. हैबती धापा टाकत खाली गेला, बाईंना सगळं सांगितलं आणि धापा टाकत वर आला.

“बाई म्हनत्यात, पालवी फुटलीया का बगून या,” तो म्हणाला. “खालनं त्यास्नी नुसतं तांबडं दिसतंय.”

फुटली होती. कुसुंबाची कोवळी पालवी लालभडक असते आणि आठ-दहा दिवसांत ती हिरवी होऊन जाते. बाई दरवर्षी याच दिवसांत वर्गाला टेकडीवर न्यायच्या आणि एकेकाच्या तळहातावर एक पान ठेवायच्या. गेली चार वर्षं त्यांनी ती पालवी रस्त्यावरूनच पाहिली होती. वय चौऱ्याहत्तर. यंदा हुकली तर पुढचा मार्च, आणि पुढच्या मार्चची खात्री कोण देणार? मला स्वतःची इतकी लाज वाटली की परतताना मी मॅडमच्या मागेमागेच राहिलो.

संध्याकाळच्या आत मी शुद्धिपत्रक तयार केलं. ‘पदासह हा शब्द वगळून वाचावे.’ एवढीच ओळ. मॅडमची सही झाली असती, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुसुंब खाली वाटेशी उभा असता, पालवीसकट. पण अर्जदाराची संमती लागत होती, म्हणून कागद घेऊन मी बाईंच्या घरी गेलो.

बाईंनी तो दोनदा वाचला. चष्मा काढला.

“कुणी टाइप केलं हे?”

“मीच, बाई.”

“आणि आधीची चूक?”

“तीही माझीच.”

“ती चूक राहू दे,” बाई म्हणाल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मला वाटलं, त्यांच्या लक्षात आलं नसावं. मी परत समजावलं की संमती दिली तर कुसुंब उद्या खाली येतो, नाही दिली तर टेकडीचा प्रश्न सुटेपर्यंत पालवी हिरवी होईल.

“बाकीची झाडं वाटेशी आली ते ठीक, ती सपाटीवरचीच आहेत,” त्या म्हणाल्या. “कुसुंबाकडे माणसानं जायचं असतं. तिथून नदी दिसते, शाळा दिसते, आपण केवढे आहोत ते कळतं. त्याला खाली आणून माझ्यापुढे उभा केलास, तर तो मला बघायला आला असं होईल. बघायला येतात ते आजारी माणसाला. मी आजारी नाही, मुजावर. मला फक्त रस्ता नाही.”

मी कागदाची घडी करून खिशात घातली आणि चहा न घेताच निघालो.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला. मग त्यांनी हैबतीला वर पाठवलं आणि विचारलं की टेकडीची नेमकी अडचण काय. अर्ध्या तासाने तो उत्तर घेऊन आला.

“टेकडी म्हनती, मी जागा सोडनार न्हाई आनि उंचीबी सोडनार न्हाई. पर पाय पसरायला जागा दिली तर आडवी व्हते. ह्यात माजं काय जात न्हाई म्हनली.”

खुर्चीच्या नियमाप्रमाणे एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. बावीस फुटांना दोनशे चौसष्ट. उद्यानाच्या बाजूला सत्तर फुटांवर कुंपण लागत होतं. त्यापलीकडे मुख्याधिकाऱ्यांचा बंगला, आणि बंगल्यापुढे मॅडमनी तीन वर्षं जीव लावून वाढवलेली हिरवळ. त्यांनी खिडकीतून हिरवळीकडे पाहिलं, नकाशावर लाल पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाल्या, “गवत आहे. पुन्हा उगवेल.” पण दुपारी त्या डबा न उघडताच बसून होत्या, हे मी पाहिलं.

महसूलकडून ना-हरकत यायला सहा महिने लागतात असा आमचा अनुभव. या वेळी ते चौथ्या दिवशी आलं, कारण तलाठी देसावळे हे बाईंचे नव्वद सालचे विद्यार्थी. त्यांनी लिहिलं होतं, ‘टेकडी मूळ जागी कायम राहून केवळ आडवी होणार असल्याने व क्षेत्राच्या वाढीचा फेरफार यथावकाश नोंदवता येणार असल्याने हरकत नाही.’

मंगळवारी कार्यालयीन वेळेत टेकडी आडवी झाली. दहाला सुरुवात झाली आणि जेवणाच्या सुट्टीआधी काम उरकलं. खडक आपापले बाजूला झाले. धूळ थोडी उडाली. दिवसभर शेतात राबलेली बाई ओसरीवर पाय लांब करते तशी ती हिरवळीवर पसरली, आणि दर तीस फुटांवर दम खायला एकेक सपाट टप्पा तिने आपणहून सोडला. तो नियमात होता, पण आम्ही तिला सांगायचं विसरलो होतो.

बुधवारी सकाळी बाई आल्या. पालवीचा तो नववा दिवस होता. कडेची काही पानं हिरवी पडू लागली होती, शेंडा अजून लाल होता. हैबतीने सवयीने खुर्चीच्या मागे हात लावला.

“सोड,” बाई म्हणाल्या.

“दम लागंल, बाई.”

“लागू दे.”

त्या स्वतः चाकं ढकलत निघाल्या. आम्ही दोघं मागून चालत होतो. पहिल्या टप्प्यावर थांबल्या, तिसऱ्यावर थांबल्या. पाचव्यावर बराच वेळ थांबल्या, तेव्हा मी जीव मुठीत धरून उभा होतो, पण त्या नदीकडे बघत होत्या. वर पोचायला त्यांना चाळीस मिनिटं लागली. आधी त्यांनी हैबतीने मंगळवारीच वर रोवलेली पाटी वाचली, पूर्ण, तोंडाने पुटपुटत, स्वतःच लिहिलेली असूनही. मग हात लांब करून खोडावर ठेवला आणि डोळे मिटले. मीही दुसरीकडे पाहिलं.

“फार दिवसांनी, बाई,” कुसुंब म्हणाला.

“चार वर्षांनी.”

“दमलात. बसा ना.”

“बसूनच आले,” बाई म्हणाल्या.

मग त्यांनी तळहात उघडून वर केला, आणि कुसुंबाने आपली सगळ्यात लाल फांदी हवी तेवढी खाली आणली. तिच्यासाठी आम्ही कुठलाही आदेश काढला नव्हता.