भोंगा होईस्तोवर

आमच्या शेजारचा दगडू पाटील सकाळी कामावर जाताना दोन पोरींपुढे शेंगदाण्याचे दोन लाडू ठेवायचा आणि बजावायचा, "भोंगा होईस्तोवर हात लावायचा नाही." भोंगा म्हणजे त्याच्या मिलचा, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीचा. तोवर लाडू पोरींसमोर आणि पोरी लाडवासमोर. मांजरालाही कोणी असं छळत नाही.

सिल्वासात तेव्हा नवेनवे कारखाने निघत होते. हा धुळ्याकडून आलेला, बायको वारलेली. "ताबा पाहिजे, मावशी, ताबा!" हे त्याचं पालुपद, आणि ते म्हणायचा तंबाखू मळता मळता. ती तंबाखू दर सोमवारी सुटायची. मंगळवारी स्वारी आमच्याकडे चुना मागायला हजर.

मंगल सहाची, बेबी चारची. बाप वळणावर पोचायच्या आत बेबी आपला लाडू फस्त करून बहिणीचा चाटून बघायची. मंगल दगडासारखी बसायची. दगडूला वाटे, थोरलीला आपण घडवली. मग धाकटीला काय शेजाऱ्यांनी बिघडवली? मी पाच पोरं वाढवली. एकाच लाटण्याचा मार खाऊन एक गाय निघाली, एक वळू. पण मला विचारतो कोण? "तुम्हाले नाही समजणार, मावशी."

एका सुट्टीला हा शहाणा किलवणीला तांदूळ आणायला गेला. सवयीने लाडू ठेवले, सवयीने हुकूम सोडला. सुट्टीला भोंगा होत नाही, हे डोक्यातच नाही! चार वाजले. मी भाकरी नेली, ती बेबीने खाल्ली. मंगल हलेना.

"भोंगा नाही झाला, आजी."

लाडवाला मुंग्या लागलेल्या. ती एकेक वेचून बाजूला ठेवत होती.

दगडूला मी अंगणातच धरला. "पोर सकाळपासून उपाशी आहे. राक्षस आहेस का रे?"

त्याच्या हातातलं पोतं खाली पडलं. "घरात स्टोव्ह आहे, मावशी. काडेपेटी आहे. आई नाही, मी मिलमध्ये. यांनी आपला हात नाही आवरला, तर आवरणार कोण?"

मग तो चाळीमागे गेला आणि तोंडाशी हात धरून ओरडला, "भोंऽऽऽ!"

बेबी हसली. "हे तर पप्पा!"

"गप. भोंगाच आहे," मंगल म्हणाली आणि लाडू उचलला.

भोंगा मध्येच फाटला. मी तिकडे बघितलं नाही. रडणाऱ्या पुरुषाकडे काय बघायचं? आत जाऊन चुन्याची डबी काढून ठेवली. वार सोमवारच होता.