चार बोटं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाळलेले बोंबील काढणं. घरामागं बांबू रोवून दोरी ताणलेली. ऊन उतरल्यावर मी बोंबील काढत होतो, जानकी टोपलीत रचत होती. दोरीखालून पलीकडं जायला मी मान वाकवली. तिनं ते बघितलं आणि म्हणाली, "अवो, ही दोरी चार बोटं वर घ्या."

मी म्हटलं, "उद्या."

पहाटे ती गेली. दोरी होती तिथंच राहिली.

आता ही जानकी, म्हणजे माझी बायको, कोण होती ते सांगतो. आमच्या दर्याकाठच्या नवापुरात तिला जानकी कमी आणि 'चार बोटं' जास्त म्हणत. जगातली प्रत्येक वस्तू चार बोटं उंच झालीय, असं तिचं मत. स्वतः एवढीशी, माझ्या काखेत मावेल. पण आपण बुटक्या हे तिनं कधी कबूल केलं नाही. म्हणायची, "माणूस चुकत नाय. वस्तू चुकते."

बोईसरला एसटीत चढताना तिनं एकदा गाडी अडवून धरली. कंडक्टरला विचारते, "ही पायरी कोणाच्या बायकोचा पाय मोजून केली रे?"

"मावशी, चढा आता."

"चढते. आधी तू लुगडं नेसून, डोक्यावर पाटी घेऊन चढून दाखव."

अख्खी गाडी हसली. मी मागच्या दारानं चढलो आणि ही कोणाची कोण, असा चेहरा करून बसलो.

आमच्या बाळा सुताराला तर तिची धडकीच होती. चुलीवरची फळी लावायला बोलावला. तेव्हा नुकतेच फूट-वार जाऊन मीटर आले होते. बाळानं ऐटीत नवी पट्टी काढली. हिनं ती बाजूला सारली.

"हा मीटर म्हंजे कोणाचा हात?"

"कोणाचा नाय गो वयनी, सरकारी हाय."

"मग सरकारला बोलव फळीवरचा डबा काढायला. चार बोटं खाली घे."

"घेतो. पण बोटं कोणाची? माजी का तुजी?"

"जो वापरील त्याची."

तिची बोटं लावून बाळानं फळी ठोकली. असंच करत सगळं घर तिच्या मापाचं झालं. फळीची कड माझ्या डोक्याला, कंदिलाची खुंटी माझ्या कपाळाला. तीस वर्षं मी स्वतःच्या घरात मान खाली घालून वावरलो. होडीत बसलो की मान सरळ व्हायची. लोक म्हणत, गडी बायकोला दबून असतो. खोटं नाही, पण निम्मा दोष फळीचा होता.

मग आळीत नळ आला. तो मात्र उलटा चुकला होता. इतका खाली की हंडा उभा राहीना. बायका हंडा आडवा धरत. निम्मं पाणी हंड्यात, निम्मं रस्त्यावर. सगळ्या म्हणाल्या, आपलेच हंडे मोठे. जानकी म्हणाली, "हंडा आजीपासून तेवढाच हाय." नळ बघायला साहेब आला तसा तिनं त्याच्या हातात हंडाच दिला. "साहेब, एवढा भरून द्या."

साहेब भला माणूस. उकिडवा बसला, हंडा तिरका केला, बूट पाण्यानं भरले.

"बाई, लहान हंडा आणा."

"तुमच्या घरी हंडा हाय?"

"आहे की."

"मग बाईसाहेबांना विचारून नळ लावायचा व्हता."

आठ दिवसांत नळ वीतभर वर गेला. तिच्या सांगण्यावरून वर गेलेली ती पहिली वस्तू.

गेल्या वर्षी तिला दम लागायला लागला. पालघरच्या डॉक्टरकडं नेली. मी बाहेर बाकावर. आत बराच वेळ लागला. बाहेर आल्यावर विचारलं, "काय म्हणाला?"

"तपासायचं टेबल उंच हाय. सांगितलं त्याला."

"आणि तुझं?"

"माजं काय! गोळ्या दिल्यात."

मला वाटलं, टेबलावरून भांडतेय म्हणजे बरी आहे. माझ्यासारखा मूर्ख दुसरा नाही.

त्यानंतर एकदा मी जेवून हात धुतले, तर ही माझी चार बोटं जुळवून त्यांवर आडवी सुतळी धरून बसली. म्हटलं, "म्हातारपणी हात काय धरतेस?" म्हणाली, "गप बसा." दोन दिवसांनी मी दर्यावरून आलो तर बाळा सुतार आमच्या दारातून निघत होता. "आज भांडण नाही?" मी विचारलं. त्यानं मान हलवली आणि न हसता निघून गेला. मीही घरात काही निरखून बघितलं नाही. डबे काढायचं काम माझं कधीच नव्हतं, आणि मान सवयीनं वाकतच होती.

ती गेल्यावर माझी बहीण बारा दिवस राहिली. रोज कुरकुर. "दादा, फळी एवढी उंच का रं? माजा हात पोचत नाय." बाराव्याला सगळे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करायला उठलो. खुंटीपाशी मान वाकवली. मग बहिणीची कुरकुर आठवली. म्हटलं, बघू. सरळ उभा राहिलो. कपाळाला काही लागलं नाही. चुलीपाशी गेलो, तिथंही नाही. फळीखाली भिंतीत खिळ्यांची जुनी भोकं दिसत होती. भोकापासून फळीपर्यंत बोटं लावली. चार. माझी चार.

डॉक्टरनं आत काय सांगितलं ते मला तेव्हा कळलं.

चहा राहू दिला. मागच्या दारानं बाहेर गेलो. दोरी सोडली, बांबूवर माझी चार बोटं लावली आणि वर बांधली. वाळत घालायला काही नव्हतं. नुसतीच बांधली.