नानांना सालदार नको

आमच्या शेजारच्या नानांनी परवा स्वतःची दाढ स्वतः काढली. पक्कड घेऊन, ओट्यावर बसून. मी भिंतीवरून पाहिलं आणि हातातली कपड्यांची बादली तिथंच सोडली. नानांनी चूळ भरून मलाच समजावलं, "दाढ मनी, पक्कड मनी. डाक्टरले कसाले तरास?"

नाना शिरपूरकडचे. शेती भावाकडे सोपवून ते धुळ्यात आले, तेव्हापासून धक्के खाणं माझ्या अंगवळणी पडायला हवं होतं, पण पडत नाही. केसही ते स्वतःच कापतात, त्यामुळे डोक्याची मागची बाजू नांगरल्यासारखी दिसते. त्यांनी गिझर दुरुस्त केला, त्या दिवशी गल्लीभर वीज नव्हती.

मी दुकानांच्या वेबसाइट बनवते. नानांनाही एक हवी होती, बायकोसाठी, म्हणजे अक्कांसाठी. अक्कांना हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. नातेवाइकांनी आपापल्या गावाहून फोटो आणि आवाज चढवायचा, अक्कांनी टॅबवर फोटोला बोट लावलं की तो माणूस बोलणार, "अक्का, मी शांता, बोदवडची, तुझी बहीण." अक्का दिवसभर त्यात रमतील, असा बेत.

ही साइट ठेवायला सर्व्हर हवा. मी नानांना त्यांच्या भाषेत सांगितलं, "अनमॅनेज्ड म्हणजे नुसतं शेत भाड्यानं घेतलं. कुंपण, राखण, डागडुजी तुमची. मॅनेज्ड म्हणजे शेतासोबत सालदारही मिळतो, तो सगळं बघतो. नवख्या माणसानं मॅनेज्डच घ्यावं."

सालदार म्हणजे आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. नाना ताठ झाले. "आखाजीले बठ्ठा गाव सालदार ठेवस. मी जिंदगीमा ठेवा नही."

त्यांनी अनमॅनेज्ड घेतला. व्हिडिओ बघत, एका बोटानं कमांड टाइप करत साइट चालूही केली. मी तोंडात बोट घातलं. अक्का दिवसभर त्यातच रमायला लागल्या.

गेल्या सोमवारी अक्का अनवाणी माझ्या फाटकात उभ्या. रडत सगळ्यांची चौकशी करत होत्या, "बठ्ठा कोठे गयात?"

त्यांच्या टॅबवर नुसता पांढरा पडदा. नानांनी चोरांच्या भीतीनं सर्व्हरला फायरवॉल घातली होती, आणि अशी पक्की घातली होती की पाहुणे बाहेर, नातेवाईक बाहेर आणि खुद्द नानाही बाहेर. मी सर्व्हर देणाऱ्या कंपनीच्या मागच्या दारानं शिरून साइट उघडून दिली. नाना भिंतीला टेकून बसले होते.

"सालदार लाव," ते म्हणाले.

माझा कानांवर विश्वास बसेना. "नाना, तुम्ही सांगताय हे?"

"आज मी व्हतू. उद्या मी पडनू तं तिले ह्या मानसे कोन दखाडी?"

दुसऱ्याच दिवशी मी साइट मॅनेज्ड सर्व्हरवर नेली आणि दाखवायला गेले. नाना भाकरी वाढत होते. अक्कांनी पहिल्याच फोटोला बोट लावलं आणि लाजून मला म्हणाल्या, "हाई मना घरना." फोटो नानांचा होता. मग त्यांनी समोर पाहिलं. "आनि तुम्ही कोन?"

नानांच्या हातात भाकरी तशीच राहिली.

"मी सालदार शे, माय. तुमनाच."

अक्कांनी आपलं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. "मंग पोटभर जेवी ल्या. आमना घरना कोनले भुक्या ठेवतस नही."

नाना जेवायला बसले.