गजभिये काकांच्या बरगड्या

पांढुर्ण्याच्या रविवारच्या बाजारात, डुकराच्या मटणाच्या दुकानासमोर, एक माणूस चार लोकांदेखत सदरा वर करून उभा राहायचा आणि स्वतःच्याच छातीवर बोट ठेवून खाटकाला सांगायचा, "इथून इथपर्यंत. खालच्या नको." ते आमचे शेजारी, गजभिये काका.

काकांचं म्हणणं असं, की बरगड्या तोंडानं सांगून मिळत नाहीत. चौथीपासून नववीपर्यंत दे म्हटलं तर खाटीक वरून मोजेल की खालून, याचा भरवसा नाही. दाखवलं की वाद संपला. त्यांच्या अंगावर मांस म्हणून नव्हतं, त्यामुळे नकाशा अगदी स्पष्ट होता. सुखलाल खाटीकही सुरी थांबवून गंभीरपणे आधी त्यांच्या छातीकडे पाहायचा, मग समोर टांगलेल्या डुकराकडे, आणि मोजायला लागायचा. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा बाजूच्या वांग्यांच्या ढिगाकडे तोंड करून उभी राहिले होते.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. माझे यजमान बँकेत कारकून होते, त्यांची बदली झाली म्हणून आम्ही नागपूरहून पांढुर्ण्याला आलो आणि मला तिथल्या मराठी शाळेत नोकरी लागली. आमच्या आणि काकांच्या अंगणात कमरेएवढी एक भिंत होती. काका गावाच्या पाण्याच्या पंपावर कामाला. वय पंचावन्नच्या आसपास. बायको केव्हाच वारलेली आणि एकुलती एक मुलगी, वंदना, सौंसरला दिलेली. मी शिक्षिका म्हणून ते मला 'बाई' म्हणायचे आणि माझ्या नवऱ्याला, तो कारकून असूनही, 'साहेब'.

माझ्या माहेरी डुकराचं मटण बंद झालं होतं. वडिलांना सरकारी नोकरी लागली आणि त्यांनी एके दिवशी जाहीर केलं, की आपल्या घरात आता हे नको. का, ते कोणी विचारलं नाही. आम्हीही बौद्ध आणि काकाही बौद्ध, पण मला यातलं काही कळत नाही हे समजल्यावर काकांना माझी फार दया आली. त्यांनी माझं शिक्षण हाती घेतलं.

पहिला धडा निवडीचा. चरबीवर बोट दाबायचं, खड्डा लगेच भरून आला तर ताजं. हाडाचं टोक लालसर पाहिजे. "पांढरं हाड म्हणजे म्हातारं जनावर, बाई. शिजता शिजता आपण म्हातारे होऊन जाऊ." मग ते दोन बरगड्यांच्या मधे करंगळी लावायचे. मधलं मांस करंगळीपेक्षा बारीक निघालं तर तो सौदा रद्द. एवढं झाल्यावर डुकराचं चरित्र. कोणाच्या घरचं, किती महिन्यांचं, बांधून पोसलं की मोकळं फिरत होतं. एकदा सुखलालनं सांगितलं की तिगावचं आहे. काकांनी विचारलं, काय खात होतं? सुखलाल कंटाळून म्हणाला, "काका, मी काही त्याच्या पंगतीले नव्हतो बसलो." काका रागावले नाहीत. पण त्या रविवारी ते पिशवीत फक्त कोथिंबीर घेऊन घरी आले. ज्याचं खाणं माहीत नाही ते आपण कसं खायचं, असा त्यांचा सरळ सवाल होता.

दुसरा धडा साठवणीचा. काका बरगड्यांना मीठ-हळद चोळायचे, ओल्या फडक्यात गुंडाळून कोऱ्या मडक्यात ठेवायचे आणि ते मडकं कडुनिंबाखाली ओल्या रेतीत गळ्यापर्यंत पुरायचे. हिवाळ्यात दोन दिवस, उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत, असा त्यांचा हिशेब. रेती मात्र सुकता कामा नये. ते कामावर असले की पाणी शिंपडायची जबाबदारी माझी. एकदा तर मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी येऊन त्यांनी मला विचारलं, की निघताना पाणी घातलं होतं ना? आमच्या मुख्याध्यापकांना वाटलं, मी मोगरा लावला आहे. त्यांनी माझ्याकडे एक कलम मागितलं.

त्याच वर्षी आम्ही नागपूरहून एक जुना फ्रिज आणला. आळीतला तो पहिलाच. सगळे येऊन बघून गेले, बर्फ खाऊन गेले. काकाही आले. दार उघडून आत डोकं घातलं, थोडा वेळ तसेच राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, "हा तर मटणाचा दवाखाना आहे. आत गेलेलं धड परत येते का?" माझ्या नवऱ्याला हे लागलं. त्यानं फ्रिजचे फायदे सांगायला सुरुवात केली, पण काका तोवर भिंतीपलीकडे गेले होते.

स्वयंपाकाच्या वेळी मात्र त्यांच्या चुलीपाशी कोणाला प्रवेश नव्हता. धडा भिंतीवरूनच घ्यायचा. तेलाचा थेंब नाही, बरगडी तिच्याच चरबीत परतली पाहिजे. निखाऱ्यात भाजलेला कांदा, सुकं खोबरं, आलं-लसूण, तिखट, आणि सगळ्यात शेवटी वाळवलेल्या संत्र्याच्या सालीचा नखाएवढा तुकडा. संत्र्याच्या मुलखात राहून साल फेकणाऱ्यांबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. मग झाकणावर पाणी ठेवून दोन तास. माझ्या नवऱ्याला वास असह्य व्हायचा. झालं का, असं तो तिसऱ्यांदा विचारायचा तेव्हा काका मान न वळवता सांगायचे, "बरगडीले घाई नाही चालत, साहेब." अखेर वाटी भिंतीवरून यायची आणि आम्ही पहिला घास खाऊन होईपर्यंत ते समोर उभे राहून आमच्या तोंडाकडे पाहत राहायचे. छान आहे म्हटलेलं त्यांना पुरत नसे. कसं छान, ते सांगावं लागे.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एका शनिवारी वंदनाचं पत्र आलं. काकांनी ते मला वाचायला आणून दिलं आणि स्वतः अंगणातल्या बाजेवर बसले. वंदनाला सातवा महिना लागला होता. अन्न पोटात ठरत नव्हतं, डॉक्टर खा म्हणत होते आणि तिला कशाचीच इच्छा होत नव्हती. पत्राच्या शेवटी, जागा उरली नव्हती तिथे, आडव्या ओळीत लिहिलं होतं, 'बाबा, तुमच्या रविवारच्या भाजीचा वास आठवते. इथं नाव काढता येत नाही.'

तिचं सासर बौद्धच, पण माझ्या वडिलांच्या वळणाचं. सासरे शाळेतून निवृत्त झालेले. सासूबाई करारी. शिकलेल्या घरात हे शोभत नाही, हे त्यांनी लग्न ठरवतानाच सांगितलं होतं आणि काकांनी मान डोलावली होती. जावयासमोर त्यांनी कधी बाजाराचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

रविवारी त्यांनी सुखलालला तासभर छळलं. पण पंपावरून सुट्टी मिळाली मंगळवारची, आणि दिवस उन्हाळ्याचे. रेतीचा भरवसा संध्याकाळपर्यंतच. दुपारी काका हातात गुंडाळलेलं फडकं घेऊन आमच्या दारात उभे राहिले. मग म्हणाले, "बाई, तुमच्या दवाखान्यात एक खाट आहे का?"

माझ्या नवऱ्यानं फ्रिजमधलं दूध, लोणी, पाणी सगळं बाहेर काढलं आणि आख्खा कप्पा रिकामा करून दिला. त्या दोन दिवसांत काका तब्येत पाहायला सात वेळा येऊन गेले.

मंगळवारी मी रजा टाकून त्यांच्याबरोबर निघाले. सासूबाई शिक्षिकेचा मान ठेवतील, असा त्यांचा अंदाज होता. ठरलं असं, की मटण बकऱ्याचं आहे म्हणून सांगायचं, आणि ते मी सांगायचं, कारण काकांना खोटं बोलता येत नव्हतं. डबा तीन फडक्यांत बांधला होता, तरी बस सुटली तसा वास सुटला. पुढच्या बाकावरचे एक आजोबा दोनदा मागं वळले आणि शेवटी त्यांनी विचारलंच, कोणाकडे कार्यक्रम आहे? काका खिडकीबाहेर पाहत राहिले. पण त्यांचे कान लाल झाले होते आणि ते लाजेनं नव्हते झाले. वासाची तारीफ त्यांना पोचली होती.

सौंसरला सासूबाईंनी आमचं नीट स्वागत केलं. पाणी दिलं, चहा दिला. वंदना आतून आली तेव्हा मला धक्काच बसला. पोट तेवढं दिसत होतं, बाकी मनगटं काडीसारखी. तिनं डब्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली वळवली. सासूबाईंनी फडकं सोडलं, झाकण उघडलं आणि विचारलं, "बकऱ्याचं आहे का?"

मी हो म्हटलं. म्हटलं, चांगला कोवळा बकरा होता.

सगळं तिथेच मिटलं असतं. पण काकांच्या चेहऱ्याकडे माझं लक्ष गेलं. दोन दिवसांची निगराणी, पहाटेपासूनची चूल, आणि त्याला नाव बकऱ्याचं. त्यांच्यानं राहवलं नाही.

"बकऱ्याच्या बरगडीले एवढी चरबी असते का?" ते म्हणाले.

वंदनानं डोळे मिटून घेतले. मी चहाच्या रिकाम्या कपातून एक घोट घेतला. काकांनाही आपण काय केलं ते तेव्हाच कळलं असावं. ते उठून उभे राहिले आणि हात जोडून खालच्या आवाजात म्हणाले, "लेकरू जेवून नाही राहिलं, ताई. म्हून आणलं. माझी चूक झाली. घेऊन जातो परत."

सासूबाईंनी झाकण लावलं. मग म्हणाल्या, "घरात नको. मागच्या अंगणात बसा." आणि आत जाऊन त्यांनी स्वतः ताट, कांदा आणि दोन गरम भाकरी आणून दिल्या. शेजारी काम आहे असं सांगून त्या निघून गेल्या आणि चांगल्या तासाभरानं परत आल्या. तोवर वंदनानं दोन्ही भाकरी संपवल्या होत्या आणि भिंतीला टेकून तिला झोप लागली होती.

निघताना काकांनी धीर करून विचारलं, पहिलं बाळंतपण माहेरी असते, तर आठव्यात तिला घेऊन जाऊ का? सासूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्या घरी बाईमाणूस कोण आहे?"

काकांनी डबा उचलला.

परतीच्या बसमध्ये ते रिकामा डबा मांडीवर घेऊन बसले. मोहगाव मागं पडलं. मग म्हणाले, "बाई, बाळंतिणीले काय काय द्या लागते? आणि लेकराले न्हाऊ कसं घालतात? मले शिकवता का?"

मी म्हटलं, काका, मला तरी कुठे येतं. मला अजून मूल नाही. आईला पत्र लिहून विचारते.

त्यांनी मान हलवली. "वंदी सहा वर्षांची होती तेव्हा तिची आई गेली. शाळेत जाताना केस मोकळेच राहत तिचे. पोरी हसत. मंग पंपावर एक सुताची दोरी होती, तिचे तीन पदर सोडले आणि वेणी घालाले शिकलो. पंधरा दिवस लागले." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "न्हाऊ घालाले किती दिवस लागत असतील?"

मी खिडकीकडे तोंड केलं.

नागपूरहून माझी आई स्वतःच आली आणि आठवडाभर राहिली. भाकरीच्या पिठाचं बाळ करून तिनं काकांना सगळं दाखवलं. पाय कसे पसरायचे, मान कुठे धरायची, पाणी कोपरावर कसं पाहायचं. वंदना आठव्या महिन्यात आली. सासूबाईही तिच्याबरोबर आल्या, पण बाळाला सव्वा महिना होईपर्यंत मी इथंच राहणार आहे, असं पिशवी खाली ठेवतानाच सांगून.

मुलगी झाली. पाचवी झाल्यावर पहिल्यांदा काका अंगणात पाटावर बसले, पाय लांब केले आणि ती एवढीशी पोर त्यांनी पायांवर पालथी घेतली. आळीतल्या बायका भिंतीपाशी जमल्या होत्या. एरवी त्यांनी चेष्टा केली असती, पण त्या दिवशी सगळ्या जणी भिंतीवर ओणवल्या होत्या. काकांचे ओठ हलत होते. बहुतेक ते माझ्या आईनं सांगितलेलं मनात म्हणत होते. सासूबाई दारात उभ्या राहून शेवटचा तांब्या होईपर्यंत पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं त्या एकट्याच सौंसरला परत गेल्या.