दाढेवरचा निळा डाग

मला पाहून घाबरत नाही असा एकही डाग या जगात नाही! ही फुशारकी नाही, माझा धंदाच तो आहे. शाई, गंज, लिपस्टिक, मशीनचं वंगण, सगळे माझ्या लॉण्ड्रीत मुकाट्याने शरण येतात. आमची ही म्हणते, "तुमच्या तोंडाळपणाचा डाग तेवढा कधी निघणार?" मी तिच्याकडे लक्ष देत नाही.

आमच्या लेकीचे पुढचे दात एकमेकांच्या अंगावर चढलेले. त्यासाठी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला अलाइनर दिले. म्हणजे दातांवर घट्ट बसणारे पारदर्शक साचे. खाताना आणि दात घासताना काढायचे, बाकी वेळ घालायचे, आणि ठरल्या वेळी जुनी जोडी टाकून पुढची चढवायची. दात हळूहळू ओळीत येतात. पण सुरुवातीला लेकीचे अलाइनर तोंडात कमी आणि दप्तरात जास्त असायचे. बाईंनी ते पकडलं आणि बजावलं, "पुन्हा असं झालं तर सरळ तारा बसवीन!"

तारा! लेक शाळेच्या वादविवाद संघाची कप्तान. शाळाशाळांची मोठी स्पर्धा तोंडावर आलेली. "तारा बसल्या तर मी स्टेजवर पाऊल ठेवणार नाही," तिने जाहीर केलं. त्या दिवसापासून पोरीने अलाइनर असे घातले, की झोपेतसुद्धा ओठ मिटलेले!

एका रविवारी ती जेवत असताना तिची डबी माझ्या हाती लागली. सहज उघडली. पाहतो तर काय, अलाइनरच्या मागच्या दाढेवर फिकट निळा डाग!

माझ्या घरात? डाग?

मी कपाटातली माझी खास बाटली काढली. तान्ह्या बाळाच्या झबल्यालाही चालतो असा सौम्य द्राव. थोडा भिजवला, ब्रश फिरवला, चार पाण्यांतून काढला. डाग गायब! मग पुढच्या जोड्यांची पाकिटं उघडली. त्यांवरही तोच डाग, आणि चांगला गडद! म्हणजे कारखान्यातूनच माल खराब आलेला! पैसे मोजून असला माल? दातओठ खात एकूण एक जोडी चकचकीत केली आणि पाकिटं नीट बंद करून ठेवली. लेक हात धुऊन आली आणि न बघताच अलाइनर चढवून अभ्यासाला बसली.

एरवी तिला दवाखान्यात नेण्याचं काम आमच्या हिचं. पण त्या आठवड्यात ही बहिणीकडे गेलेली, म्हणून पुढच्या जोड्यांची पाकिटं पिशवीत घेऊन मी गेलो. बाहेर बाकांवर तिच्याच वयाची बरीच मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली. आतल्या खोलीचं दार जरासं उघडंच.

बाईंनी लेकीचा अलाइनर काढून दिव्याखाली धरला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"शाब्बास! ठिपका पूर्ण गेलाय! कुठे तारा नि कुठे काय! सुटलीस तू!"

लेकीने आनंदाने माझा हात दाबला. इथे शहाण्या माणसाने गप्प बसायचं असतं. पण माझ्या कामाचं श्रेय दुसऱ्याला मिळतंय, तेही माझ्यादेखत!

"तिचं कसलं कौतुक करताय?" मी म्हणालो. "डाग मी काढलाय! पुढच्या सगळ्या जोड्यांचेही काढलेत. हे बघा!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाईंनी एकेक पाकीट उघडलं. त्यांच्या भुवया वर वर चढत गेल्या.

"अहो, तो डाग नव्हता! साचा जितका जास्त वेळ तोंडात राहतो तितका तो ठिपका फिका होतो. मुलं साचा घालतात की नाही, ते आम्हाला त्यावरून कळतं!"

"मग तसं लिहायचं त्याच्यावर!"

"दाढेवर काय काय लिहू?"

"ते मला माहीत नाही! पण माझी पोरगी रोज घालते. मी डोळ्यांनी पाहतो!"

"पुरावा?"

"पुरावा मी धुतला!"

बाहेरच्या बाकांवर कोणीतरी फिसकन हसलं. बाई म्हणाल्या, "बाबा डाग पुसून देतात आणि मुलगी साचे दप्तरात ठेवते. घराण्याचा धंदाच दिसतोय. तारा बसवायच्या."

लेकीचे डोळे भरले. पण माघार? छे! मी टेबलावर मूठ आपटली. "तारा बसवायच्याच असतील तर मला बसवा! तिला हात लावायचा नाही!"

"बाबा, तुम्ही गप्प बसा!" लेक ओरडली. मग डोळे पुसून, वादविवादात उभी राहते तशी ताठ उभी राहिली. "डॉक्टर, ठिपक्याचं सोडा. पुढची जोडी घालून बघा. मी ही घातली नसेल तर दात जागचे हलले नसतील, आणि पुढची बसणारच नाही. आता दातांनाच विचारा!"

बाई थबकल्या. पुढची जोडी त्यांनी स्वतः धुतली, स्वतः चढवली आणि बोटाने दाबली. कट्ट! बरोब्बर बसली.

"खरं बोलतेय पोरगी," बाई हळूच म्हणाल्या. "तारा नाहीत."

"मी तेच तर सांगत होतो!" मी ठणकावलं. बाई आणि लेक, दोघींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेवर माझ्याकडे कुठलाही द्राव नाही.

जिंकून घरी आलो! पण दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर वर करतो तर बाहेर कालच्या बाकांवरच्या मुलांची रांग. प्रत्येकाच्या हातात डबी!

"काका, डाग काढून देता ना?"

"चालते व्हा!" मी गरजलो. "इथे मळ निघतो, लबाडी धुतली जात नाही! माझ्या पोरीसारखे प्रामाणिकपणे घाला! आईबापांना तोंड कसं दाखवता रे?"

रांग पांगली. एक मुलगी मात्र हलेना. तिची डबी उघडून पाहिली तर ठिपका अगदी नवाकोरा, निळा गडद.

"काका, प्लीज. आज संध्याकाळी आई तपासणार आहे."

"मग तपासू दे! मी काय तुझ्या आईला घाबरतो?"

"नाही घाबरत," ती म्हणाली. "कालच बघितलं ना मी. तिच्या टेबलावर केवढ्यांदा मूठ आपटलीत!"

मी शटर अर्धं खाली ओढलं. पोरीला आत बोलावलं, पाणी दिलं. पुढचं मात्र विचारू नका!