राघूसाठी अंधार

"आप्पा, थोडी थंडी पडली तरी चालेल त्याला. रात्री उजेड मात्र अजिबात नको," बॅग उचलता उचलता वर्षाराणीने पुन्हा एकदा सांगितलं आणि बबनरावांनी पुन्हा एकदा मान डोलावली. मान डोलावण्यात बबनराव पटाईत होते. ऐकण्याचं म्हणाल तर, जाऊ द्या.

ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो राघू जाळीच्या पिंजऱ्यात फांदी धरून, एक डोळा सुनेवर आणि दुसरा सासऱ्यावर लावून बसला होता. राघू म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पोपट आला असेल तर त्यात तुमची काही चूक नाही. हा सरडा होता. कुंपणावर माना डोलावणारा साधासुधा नव्हे, तर येमेनकडच्या जातीचा, डोक्यावर तुरा असलेला, सरकारदरबारी रीतसर नोंद झालेला. लग्न होऊन निगडीहून महाळुंग्याला येताना वर्षाराणीने दोन बॅगा आणल्या आणि हा राघू. सासूबाई रतनबाईंनी त्याच दिवशी कपाळाला हात लावला होता. "आगं बया! लोकांच्या सुना मांजर आणत्यात, कुत्रं आणत्यात. आमच्या नशिबी ह्ये!"

बबनरावांचं दुःख वेगळं होतं. घरात मुलगी नव्हती. सून येईल, बडबडेल, हट्ट करेल, प्रसंगी भांडेल, अशी त्यांनी फार आशा धरली होती. पण वर्षाराणीच्या तोंडून तीनच गोष्टी निघत: "हो आई," "चालेल आप्पा" आणि "असू द्या." मुलगा रविराज कंपनीत, त्याची बहुतेक नाईट शिफ्ट. ती स्वतःही चाकणला एका ऑफिसात. घरात असली तरी एखाद्या सभ्य पाहुणीसारखी वावरायची. अशा सुनेने चेन्नईच्या ट्रेनिंगला जाताना आपलं सगळ्यात लाडकं जनावर नवऱ्याच्या नव्हे, सासऱ्याच्या हवाली केलं. बबनरावांची छाती अशी फुगली की रतनबाई म्हणाल्या, "शर्टाची बटनं सांभाळा."

पहिल्या संध्याकाळी सगळं तिने सांगितल्याप्रमाणे झालं. अंधार पडताच पिंजऱ्यावरचा दिवा बंद झाला, वरून तिचा जाड काळा कपडा पडला. मग थंडी उतरली. महाळुंग्याची थंडी म्हणजे हाडात शिरणारी. बबनराव गोधडीत कूस बदलत राहिले. शेवटी न राहवून उठले, सुनेच्या खोलीत गेले, कपडा वर केला आणि बॅटरीच्या उजेडात पाहिलं.

"आवो, काय झालं?" रतनबाईंनी विचारलं.

"पांढरा पडलाय गं! हिरवा व्हता, पार पांढराफटक पडलाय!"

त्यांनी बोट लावून पाहिलं. गार. पिंजऱ्याच्या वर सुनेने एक काळा गोळा बसवलेला होता. फारच थंडी पडली तर तो आपोआप तापतो, उजेड देत नाही, असं ती म्हणाली होती. बबनरावांनी त्यालाही हात लावला. तोही गार. आता खोलीत तेवढी थंडी नव्हती म्हणून तो तापला नव्हता, हे तुम्हाआम्हाला कळतं. बबनरावांना एवढंच कळलं की उजेड नाही, म्हणजे बिघडला.

इथे एक सांगायला हवं. बबनरावांनी उमेदीच्या काळात पोल्ट्री चालवली होती. थंडीत कोंबडीच्या पिल्लांवर रात्रभर बल्ब जळता ठेवावा लागतो. बल्ब गेला की सकाळी नुसता ढीग उचलायचा. असे ढीग त्यांनी स्वतःच्या हाताने उचलले होते. त्यामुळे गारठलेला जीव आणि बंद दिवा एकत्र पाहणं त्यांना सहनच होत नसे. माळ्यावरून जुना होल्डर निघाला, बल्ब निघाला, काळा गोळा उतरला. बल्ब पेटला. दोन मिनिटांत राघूने डोळे उघडले आणि हळूहळू हिरवा झाला.

"बघ! रंग आला का न्हाई?" बबनराव म्हणाले. "पोरगी आली तवा मेलेला सरडा दावायचा व्हता व्हय तिला?"

रंग आला होता खरा.

दुसऱ्या दिवशी भर उन्हाच्या वेळी राघू डोळे मिटून बसला. समोर सोडलेले किडे अंगावरून चालत गेले तरी जीभ बाहेर नाही. "अशक्तपना आलाय," बबनरावांनी निदान केलं, आणि त्या रात्री एकाचे दोन बल्ब झाले. दोन बल्ब काळ्या कपड्याला टेकले, कपड्यातून धूर निघाला आणि ताटाएवढं भोक पडलं. कपडा गेला. आता राघू काळपट दिसू लागला. "गारठ्यानं काळा पडलाय," असं ठरलं आणि पोल्ट्रीच्या वेळचा लाल दिवाही येऊन बसला. खोली अशी लालभडक झाली की रविराज शिफ्टवरून येऊन दारातच थबकला. "आप्पा, हे काय? वर्षा अंधार करा म्हणाली होती ना?"

"तू झोप. तुला पिल्लांतलं काय कळतंय?"

"पिल्लू नाही ते, आप्पा."

"जीव हाय का न्हाई? मग झालं तर."

संध्याकाळी वर्षाराणीचा व्हिडिओ कॉल आला. "आप्पा, राघू कसाय? रात्री अंधार असतो ना?"

खरं बोलायची हीच वेळ होती. पण सुनेचा चेहरा इतका विश्वासाचा होता की बबनरावांची जीभ भलतीकडे वळली. "काळोख! डोळ्यात बोट घातलं तरी दिसायचं न्हाई!" ती हसली. लग्नानंतर ती एवढी मनमोकळी हसलेली त्यांनी पाहिलीच नव्हती. फोन ठेवल्यावर त्यांनी जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं.

राघू फांदीवरून घसरून खाली बसला, त्या सकाळी मात्र रविराजने काही न विचारता गाडी काढली. निगडीच्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी राघूला उलटंसुलटं करून पाहिलं, तोंड उघडून पाहिलं.

"आजार काही नाही. याला झोप मिळालेली नाही. कोणी जागवलंय का याला?"

"न्हाई बा," बबनराव म्हणाले. "थंडीनं पांढरा पडला व्हता, म्हणून दिवा लावला."

"पांढरा कधी पडला?"

"रातच्याला."

"अहो काका, झोपेत फिकटच पडतात हे. गाढ झोपला होता तो."

बबनरावांनी खुर्चीचा हात धरला. गाढ झोपला होता! शेवटची गाढ झोप, आणि ती आपण बॅटरी मारून मोडली.

"रात्री जरा गारवा यांना मानवतो," बाई सांगत होत्या. "फारच घसरली थंडी, तर उजेड न देणारा हीटर लावायचा. नाहीये का घरी?"

"व्हता की."

"मग?"

"तो उजेडच दीना, म्हणून काढला."

बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. मग म्हणाल्या, "याला औषध एकच. रात्री पूर्ण अंधार. लाल दिवाही नको. आणि सारखं जाऊन बघायचं नाही."

घरी येऊन बबनरावांनी सगळे बल्ब उतरवले, काळा गोळा जागेवर बसवला. रात्र झाली. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की घरात अंधार नाहीच. रस्त्यापलीकडच्या कंपनीच्या आवारात उंच खांबावर दिव्यांचा झुबका होता, त्याचा पांढरा उजेड सरळ सुनेच्या खोलीत पडत होता. त्यात भर म्हणून व्हरांड्यातली ट्यूबलाइट झरोक्यातून आत येत होती. पिंजऱ्यावर गोधडी टाकली तर तिच्या वजनाने जाळी वाकली. देवघरात न्यावं तर समई. स्वयंपाकघरात फ्रीजचा दिवा मिचमिचत होता. माडीवरचे भाडेकरू शिफ्टला जाताना-येताना जिन्याचं बटण दाबत. ज्या महाळुंग्यात लहानपणी शेजारच्या घरी जायचं तरी कंदील घ्यावा लागे, तिथे एका सरड्यापुरता काळोख शिल्लक नव्हता.

बबनराव कानटोपी घालून कंपनीच्या गेटवर गेले.

"काका, काय काम हाय?" वॉचमनने विचारलं.

"अंधार पायजे."

"काय?"

"त्यो वरचा दिवा बंद करा. रातच्यापुरता."

"काका, रातच्यापुरताच असतोय त्यो."

"आवो, आमचा सरडा झोपंना!"

वॉचमनने आधी त्यांचं तोंड हुंगलं, मग आवाज मऊ केला. "काका, घरी जावा. थंडी लई हाय."

"ही जमीन माझी व्हती," बबनराव उगाच म्हणाले.

"आसंल की. पर बटन माझ्याकडं न्हाई."

ते परत आले तेव्हा रतनबाई कमरेला पदर खोचून उभ्या होत्या. "त्या पोरीनं काय सोनं मागितलं व्हतं का? अंधार मागितला व्हता! त्याला काय लागतंय? नुसतं गप बसायचं व्हतं तुमी. तेवढं बी जमलं न्हाई!" एवढं बोलून त्यांनी स्वतःच्या खोलीच्या खिडकीला ताडपत्री ठोकायला घेतली. वर पोती, फटींत चिंध्या, दाराखाली सतरंजी. राघूचं तोंड न बघणाऱ्या रतनबाईंनी स्वतःच्या उशाशी त्याचा पिंजरा ठेवून घेतला आणि मालिकाही सोडली. दिवे मालवले. खरोखरच डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना. बबनरावांना आपलं खोटं आठवलं आणि त्या काळोखात त्यांचं तोंड जळत राहिलं.

वर्षाराणी सांगितलेल्या वेळेच्या आधीच, सकाळी येऊन थडकली. घर चिडीचूप. सासू-सासरे ताडपत्रीच्या खोलीत ऊन चढेपर्यंत घोरत पडलेले. बबनराव दचकून बाहेर आले आणि तिने विचारायच्या आत घडाघडा सगळं सांगून मोकळे झाले. बल्ब, लाल दिवा, जळलेला कपडा, फोनवरचं खोटं. तिने पिंजरा उजेडात आणला. राघू वाळला होता, पण पाय रोवून फांदीवर उभा होता. रंगही थोडा परतला होता.

"रागव गं मला," बबनराव म्हणाले. "चार शिव्या दे हवं तर."

"असू द्या, आप्पा. रविवारी निगडीला सोडून येते याला. माझी आई बघेल."

त्यापेक्षा तिने खरंच शिव्या द्यायला हव्या होत्या. ती बॅग उचलून आपल्या खोलीकडे वळली, थांबली, आणि खाली बघतच म्हणाली, "आप्पा, थोडा वेळ तुमच्या खोलीत झोपू का मी? त्या अंधारात?"

"झोप की. पर तुझी खोली—"

"तिथे झोप लागत नाही मला. लग्न झाल्यापासून. रात्रभर तो समोरचा दिवा, आणि ती व्हरांड्यातली ट्यूब. राघूला निदान कपडा होता."

"आगं, मग बोलायचं न्हाई व्हय एकदा तरी?"

"बोलले होते ना. पहिल्याच आठवड्यात. ट्यूब बंद करू का, म्हणून विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, राहू दे, नवं घर आहे, अंधारात भीती वाटंल तुला. मला अंधाराची भीती नव्हती वाटत, आप्पा."

बबनरावांना तो दिवस आठवेना. आठवत होती ती फक्त स्वतःची डोलणारी मान. ती आत गेली. दार लागलं.

दुपार झाली. रतनबाई ताट घेऊन आल्या. "उपाशी झोपलीय पोर. उठवा तरी."

"दाराला हात लावू नको," बबनराव दारात खुर्ची टाकून बसले होते.

"चा तरी देऊ?"

"जा म्हनतो ना!"

ऊन कलंडायला लागलं. आतून हूं नाही की चूं नाही. इतका वेळ कुणी झोपतं का? प्रवासाने आजारी तर पडली नसेल? ताडपत्रीने हवा कोंडली असेल का? बबनरावांनी मनाला पुष्कळ आवरलं. मग आवाज न करता उठले, कडीला हात घातला आणि बोटभर दार लोटून आत डोकावले. उजेडाची रेघ सरळ पलंगावर गेली.

"आप्पाऽऽ!" गोधडीतून आवाज कडाडला. "दार लावा आधी!"

बबनरावांनी दार लावलं.